डाव्या पायाचा धवला

रविवारी सकाळी माझ्याकडे धवले, म्हणजे आमची लग्नातली गाणी, शिकायला पाच-सहा मुली येतात. सगळ्या आमच्याच, आगऱ्यांच्या. पण आता कुणी खारघरच्या टॉवरात राहते, कुणी बँकेत आहे, एक तर दातांची डॉक्टर आहे. चपला दाराबाहेर काढतात, मोबाईल उशीवर ठेवून माझा आवाज रेकॉर्डिंगला लावतात आणि मांडी न घालता, उजवा गुडघा मोडून आणि डावा पाय पुढे टाकून बसतात, कारण मी तशी बसते. मी धवला उचलते, त्या झेलतात, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी सगळ्यांचा डावा चवडा एकाच वेळी वर जातो. टाच जमिनीला, चवडा वर, पुन्हा खाली. मागच्या महिन्यात त्या डॉक्टर मुलीनं मला अगदी गंभीरपणे विचारलं, की आत्या, हे पाय उचलणं म्हणजे धरणीला नमस्कार असतो का. मी म्हटलं, तसंच काहीतरी असेल. ती समाधानानं मान हलवून पुन्हा गायला लागली. मला खरं सांगायला हरकत नव्हती, पण खरं सांगायला बसले असते तर त्या दिवशीचा धवला राहिला असता. तो चवडा गिअर टाकतो. पहिल्यावरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा. तेही क्लच न दाबता.

आमचं घर ओवे गावाच्या टोकाला होतं. आता तिथून खिडकी उघडली की समोरच्या इमारतीतल्या लोकांचा टीव्ही दिसतो, पण तेव्हा डोंगर दिसायचा आणि दुपारी खाणीतले सुरुंग उडाले की मांडणीतली भांडी किणकिणायची. त्या आवाजाला घरात कुणी मान वर करत नसे. बाबा खाणीवर डंपर चालवायचे. आई धवलारीण होती. आमच्या लग्नांत भटजी असतो नसतो, धवलारीण लागतेच. मांडवाला मेढ रोवायची तिच्या धवल्यावर, हळद दळायची तिच्या धवल्यावर, नवरीला उठवायची, बसवायची, रडवायची तीही तिच्याच धवल्यावर. लग्नसराई सुरू झाली की आमच्या घरात दोनच आवाज असायचे. स्वयंपाकघरात भाकऱ्या थापता थापता आईचं गुणगुणणं, आणि अंगणात बाबांची मोटरसायकल. तांदळाच्या भाकरीचा, भाजलेल्या सुकटाचा आणि इंजिन ऑइलचा असा एक मिळून वास आमच्या घराला होता. अजून कुठं गॅरेजवरून जाताना मला अकारण भूक लागते.

मोटरसायकल काळी, जड आणि बाबांच्या आधी दोघा-तिघांनी वापरून सोडलेली होती. बाबांनी ती घेतली ती आईला लग्नांना पोचवायला, असं ते सांगायचे. आईचं म्हणणं होतं की त्यांनी ती उघडायला घेतली आणि मधूनमधून जोडल्यावर तिला लग्नाला नेलं. चेन धुवायची तर ती रॉकेलमध्ये भिजत पडायची, आणि भिजत पडायला त्यांनी आईचं मटणाचं टोप घेतलं होतं. एकदा आत्या आली असताना तिनं वासानं नाही, तर नुसत्या सवयीनं त्या टोपावरचं झाकण उचललं, आत काळं काहीतरी दाट शिजतंय असं बघितलं आणि मीठ बरोबर आहे का म्हणून बोट घातलं. त्यानंतर ते टोप कायमचं बाबांचं झालं. आईनं मात्र वचपा काढायची संधी सोडली नाही. बाबा गाडीची जास्तीची क्लचची वायर नेहमी गुंडाळून सीटखाली ठेवायचे. एका मार्गशीर्षात ती तिथून नाहीशी झाली. आईनं तिला दोन्ही टोकांना सुतळी जोडून पडवीत आडवी बांधली होती आणि तिच्यावर बोंबील वाळत घातले होते. सुतळीला कावळे येतात, वायरीला येत नाहीत, असं तिनं स्पष्टीकरण दिलं. बाबा दोन दिवस वायरीकडे बघत जेवले, पण बोंबील खाल्ले.

बाबांना क्लचबद्दल तिरस्कार होता. डंपरचा क्लच म्हणजे पायानं दगड दाबल्यासारखा जड, दिवसभर दाबून त्यांचा गुडघा सुजायचा. तेव्हा खाणीवरचे सगळेच जुने ड्रायव्हर इंजिनाच्या आवाजावर गिअर टाकायला शिकले होते, आणि बाबांनी ती सवय मोटरसायकलवर आणली. गाडी जागेवरून हलवताना तेवढा क्लच दाबायचा, कारण तिथं इलाज नाही. एकदा चाक फिरायला लागलं की क्लचची दांडी हाताला लागायची गरज नाही. मला गाडी शिकवली ती त्यांनी खाणीच्या रस्त्यावर, संध्याकाळी डंपर बंद झाल्यावर. मुलीला मोटरसायकल कशाला, असं गावात बोललं गेलं. बाबांनी सांगितलं की माझ्या घरात गाडी मुलीच्या नाही, बायकोच्या कामाला लागते, आणि बायको दोघांनाही धाक दाखवते, त्यामुळे चालवणाऱ्यात फरक करून चालत नाही. मी पंजाबी ड्रेसवर त्यांचे कॅनव्हासचे बूट घालायची. ते मला मोठे होत, म्हणून पुढे कापूस कोंबायची, आणि डाव्या बुटावर गिअरच्या दांडीचा काळा पट्टा उमटलेला असायचा.

त्यांचं शिकवणं फार थोडं होतं. ते मागे बसत आणि इंजिन ऐकत. "गेर आपण घालायचा नसतो गो," ते म्हणायचे. "तो आपला आपण पडतो. त्याच्या आडवं जायाचं नाय." म्हणजे चवडा दांडीखाली नुसता टेकवून ठेवायचा, जोर करायचा नाही. अ‍ॅक्सिलरेटरची मूठ किंचित सोडली की इंजिनावरचा भार उतरतो, ते क्षणभर श्वास टाकतं, आणि त्या श्वासात दांडी लोण्यात गेल्यासारखी वर जाते. मग लगेच मूठ पुन्हा द्यायची. जरा आधी उचललं तर दांडी हलत नाही, जरा उशिरा उचललं तर आतून गिअरचे दात कुरकुरतात आणि मागच्या माणसाचं नाक पुढच्याच्या पाठीवर आपटतं. नीट झालं की बाबा मागून फक्त "बसला" म्हणत. चुकलं की "कुरकुरला". याहून जास्त कौतुक किंवा जास्त राग मी त्यांच्याकडून कधी ऐकला नाही. त्या रस्त्यावर धूळ इतकी की घरी आल्यावर आई आम्हा दोघांना अंगणातच उभं करून अंगावर पाणी ओतायची, आणि ओतता ओतता विचारायची, की पोरीला गाडीच शिकवताय का आणि काही, जे तिला जन्मभर लागेल तेही कुणी शिकवणार आहे का. त्या 'आणि काही'चा अर्थ आम्हा दोघांना माहीत होता.

धवला एकटीनं म्हणता येत नाही. एक उचलते, दुसरी झेलते. ओळ हवेत असते तेव्हाच दुसरीनं ती धरायची असते, जमिनीवर पडू द्यायची नसते. आईची जोडीदारीण सखूमावशी होती. आईच्या मावसबहिणींपैकी सगळ्यात थोरली, दात नसलेली, पण सुरात पक्की. मग तिला ऐकू येईनासं झालं. ती सवयीवर झेलत राहायची, आणि आई पाणी प्यायला थांबली तरी सखूमावशी न म्हटलेली ओळ झेलून मोकळी व्हायची. एका लग्नात नवरा-नवरीला आत नेऊन मांडव झाडायला घेतला तरी ती झेलतच होती. तेव्हापासून मावशी घरी बसली आणि आईनं मला धरलं. मला धवले तोंडपाठ होते, लहानपणापासून कानावर होते, शब्दाला शब्द येत होता. येत नव्हतं ते झेलणं. एकतर मी आईच्या ओळीवर चढून बसायची, नाहीतर ओळ खाली पडून धूळ खाल्ल्यावर उचलायची. आई भाकरी थापत शिकवायची आणि मी चुकले की भाकरी जोरात आपटायची. आमच्या त्या वर्षीच्या भाकऱ्या फार पातळ झाल्या. "मी श्वास टाकते, तवा तू उचल," ती सांगायची. मी कान देऊन ऐकायची, पण चुलीचा आवाज, भाकरीचा आवाज, बाहेर बाबांच्या पान्यांचा आवाज, यांत तिचा श्वास मला कधी सापडला नाही. खरं तर दोघंही मला श्वासाबद्दलच सांगत होते, हे तेव्हा घरात कुणाच्या लक्षात आलं नाही. बाबा रस्त्यावर शिकवत, आई चुलीपाशी, आणि दोघं एकमेकांचं काही ऐकत नसत.

मग आईच्या मामेभावाच्या मुलीचं लग्न ठरलं. पनवेलच्या पलीकडे खाडीच्या अंगाला त्यांचं गाव. निरोप आला तो गोड होता, पण त्याच्या शेपटाला काटा होता. मामांनी कळवलं होतं की बहिणीचाच मान आहे, पण जोड असेल तरच ये, एकटीच्या धवल्यानं लग्न लावणं आमच्याकडच्या बायकांना पटत नाही, आणि इथं गावात कमळाबाई आहेत, त्यांच्या दोन पोरी झेलायला तयार आहेत. दोन दिवस आईचं कालवण खारट झालं. तिसऱ्या दिवशी जेवताना तिनं माझ्याकडे बोट करून सांगितलं, की सुगंधा माझ्याबरोबर येईल, ती बसेल, ओठ हलवेल, मी दोन्हीकडचं म्हणेन. आणि ते कुणाच्या ध्यानात आलं तर हा धवला शेवटचा. "मंग मी काय परत कुनाच्या मांडवात बसनार नाय," ती म्हणाली. तिच्या आईनं तिला दिलेलं ते तिच्याबरोबर संपेल, हे तिनं सांगितलं नाही, पण तेच तिच्या तोंडावर होतं. मला त्या वेळी इतकं वाईट वाटलं की मी समोरचं वालाचं बिरडं तसंच ठेवून उठले. मला जमत नव्हतं यात माझी काही लबाडी नव्हती, आणि म्हणूनच ते जास्त लागत होतं.

ठरलं होतं की बाबा आम्हाला नेणार. पण त्याच आठवड्यात, ज्या माणसानं पंचवीस वर्षं खाणीतले उतार विनासायास उतरवले, त्यानं घरात पाटावरून उतरताना पाय मुरगाळून हाड मोडून घेतलं. गुडघ्यापर्यंत प्लास्टर आलं. ते खाटेवर पडून मला सूचना देत राहिले, आणि आई त्यांच्या प्लास्टरवर हळद-कुंकवाच्या पुड्या ठेवून परडी भरत राहिली, कारण घरात तेवढीच सपाट जागा उरली होती. हळद उन्हं चढायच्या आत लागायची होती. आम्ही लवकर निघालो. परडी माझ्या पुढ्यात टाकीवर बांधलेली. आई मागे, लुगड्याचा काष्टा घट्ट मारून, दोन्हीकडे पाय टाकून बसलेली. बायका तेव्हा एका बाजूला पाय घेऊन बसत, पण तसं बसलं की पोटाला पीळ पडतो आणि धवला वाकडा निघतो, असं आईचं म्हणणं होतं. तिला वाटेत सराव करायचा होता. माझ्यासाठी नाही, मी ओठ हलवणार होते त्याला सराव लागत नव्हता. स्वतःसाठी, दोन्हीकडचं एकाच छातीत बसवून बघायला.

हायवेच्या तोंडाशी एक ट्रक गेला त्यासाठी मी थांबले, क्लच दाबून पहिला टाकला, गाडी हलली, आणि मुठीतली दांडी एकदम लुळी पडली. वायर तुटली होती. मला त्या क्षणी पडवी दिसली, आणि पडवीत टांगलेले बोंबील. आईला मागे वळून सांगावं तर तिनं तेवढ्यात धवला उचलला होता. आणि आमच्या घरचा एक नियम होता, आईच्या आईपासूनचा, की उचललेला धवला अर्धा टाकायचा नाही. आग लागली तरी ओळी पुऱ्या करून मग पाणी. शिवाय सांगून काय होणार होतं? गाडी चालत होती तोवर चालत होती. थांबवली तर पुन्हा हलवायला मला तिच्याबरोबर पळत ढकलून, पळतापळता उडी मारून बसावं लागलं असतं, आणि आई अशी उडी मारणाऱ्यांतली नव्हती. मी मूठ सोडली, चवडा उचलला. बसला. मग तिसरा. तोही बसला. मी ठरवलं की आता मांडवाच्या दारापर्यंत थांबायचं नाही.

पनवेलमध्ये बाजारात शिरेपर्यंत हे चांगलं जमलं. रिक्षा आणि हातगाड्या यांच्यातून मी दुसऱ्या गिअरमध्ये कशीतरी वाट काढत होते, आणि एसटी स्टँडच्या पुढच्या चौकात आईनं माझ्या डाव्या खांद्यावर बुक्का मारला. तिला गजरे घ्यायचे होते. फुलवाला तिच्या ओळखीचा, लग्नसराईत दरवेळी तिथूनच घ्यायचे. मी मानेनं नाही म्हटलं. तिनं आणखी जोरात बुक्का मारला, धवला चालूच. त्या धवल्यात पाच झाडांना आमंत्रण असतं, आणि ती तिसऱ्या झाडावर होती, म्हणजे अजून बराच वेळ तिला बोलता येणार नव्हतं. मी चौकाला वळसा घातला. तिला वाटलं मी थांबायला जागा शोधतेय, ती शांत झाली. मी दुसरा वळसा घातला. आता फुलवालाही उठून उभा राहिला. त्यानं मोगऱ्याचा पुडा हातात घेतला, आमच्या बाजूनं थोडा धावला, पण एक रिक्षा आडवी आली आणि पुडा राहिला. पुढच्या वळशाला चौकातला हवालदार शिट्टी वाजवत आमच्याकडे यायला निघाला. त्यानं आईचा चेहरा बघितला. कपाळभर कुंकू, डोळे मिटलेले, हात हवेत फुलांच्या दिशेनं पसरलेला, तोंडानं अखंड गाणं. हवालदार जागीच थांबला आणि रिक्षावाल्यांना दोन्ही हातांनी मागे सारत ओरडला, "बाईच्या अंगात आलंय, वाट सोडा." चौक मोकळा झाला. काहींनी हात जोडले. पुढच्या वळशाला फुलवाल्यानं निवांतपणे गाडीबरोबर चालत गजरे आईच्या हातात ठेवले आणि वर एक तगरीचा हार आपल्याकडून घातला. आम्ही पनवेलच्या बाहेर पडलो तेव्हा आई पाचव्या झाडाशी पोचली होती.

त्यापुढे रेल्वेचं फाटक होतं, आणि ते बंद होतं. फाटकापुढे हवालदाराचं काही चालत नाही. मी चवडा अर्धाच उचलून गाडी न्यूट्रलला आणली आणि थांबले. आईचा धवला नेमका संपला. मी तिला सांगितलं, की क्लचची वायर ओव्यापासून नाही, आता गाडी हलवायला कुणीतरी मागून ढकलायला पाहिजे, तू उतरू नकोस. मला वाटलं आता बोंबलांवरून बाबांचा उद्धार होणार, जरी बोंबील तिचे होते. पण ती वेगळंच बोलली. "वायर नाय, तरी मला यकबी धक्का कसा नाय बसला?" मी म्हटलं, बाबांनी शिकवलंय तसं केलं. ती कशाचा तरी हिशेब करत असावी, कारण फाटक उघडेपर्यंत तिनं गजराही माळला नाही. आमच्या मागे एक टेम्पो होता, त्यात लाल कोटातले बँडवाले. ते मामांच्याच मांडवात निघाले होते. फाटक उघडलं तसं त्यातले चौघं उतरले, एकानं ट्रम्पेट काखेत मारलं, आणि त्यांनी आम्हा दोघींना परडीसकट ढकलत रुळांवरून पलीकडे नेलं. मी पहिला दाबला. खटकन आवाज आला, आईचं नाक माझ्या मानेवर आपटलं, बँडमास्तरची टोपी पडली, आणि गाडी निघाली.

खाडीच्या बांधावरचा रस्ता बहुतेक सरळ होता. दोन्ही बाजूला मिठागरं, पांढरे ढीग, डोळे मिटायला लावणारं ऊन. फाटकापाशी मनात कसला हिशेब चालला होता कोण जाणे, आई माझ्या पाठीला अगदी चिकटून बसली आणि तिनं नवा धवला उचलला, हळदीचा. आणि मला तिचा श्वास कळला. कानाला नाही, पाठीला. ओळ चालू असताना तिची छाती माझ्या पाठीवर ताठ असायची, आणि ओळीच्या टोकाला ती किंचित मऊ पडायची. माझी मूठ आपोआप त्या जागी सैल झाली. चवडा वर गेला. बसला. मी घाबरत घाबरत पुढचा गिअर तिच्या ओळीच्या मध्येच टाकून बघितला, तर कुरकुर व्हायचीच बाकी राहिली. पुन्हा ओळीच्या टोकाला टाकला, बसला. वळणाला खाली, सरळ रस्त्याला वर, मी सगळे गिअर तिच्या श्वासावर टाकत गेले आणि त्या बांधावर मला इतका आनंद झाला की मी मोठ्यानं हसले. आईला ओळ सोडता येत नव्हती, म्हणून तिनं नुसता चिमटा काढला.

मांडवात कमळाबाई आधीच येऊन बसली होती. पाटावर नाही, पाटाच्या शेजारी, विडा चघळत, दोन्ही पोरी दोन्ही बाजूंना. तिनं आमच्या अंगावरची धूळ बघितली, आईच्या गळ्यातला तगरीचा हार बघितला आणि माझे कॅनव्हासचे बूट बघितले. बूट मी काढले. आई पाटावर बसली, मी शेजारी मांडी घालून. नवरीला हळदीला आणलं. आईनं धवला उचलला आणि मी ठरल्याप्रमाणे ओठ हलवले. पण आईनं झेलणारीची ओळ म्हटलीच नाही. तिनं तिची ओळ म्हटली आणि ती ओळ हवेत सोडून थांबली. मी पुरती गोंधळले. ओळ खाली पडली. मांडवात बायका एकमेकींकडे बघायला लागल्या, कमळाबाई मांडवाच्या छताकडे बघायला लागली, आणि तिच्या धाकट्या पोरीनं झेलायला तोंड उघडलं. तेवढ्यात आईनं माझा दंड धरून मला ओढलं, आपल्या पुढ्यात घेतलं आणि माझी पाठ आपल्या छातीला टेकवली. माझी मांडी मोडली, उजवा पाय दुमडला, डावा पुढे गेला. कानाशी ती इतकंच म्हणाली, "गाडी चालव."

तिनं पहिल्यापासून उचललं. तिची छाती ताठ झाली. मी मूठ धरली. परडीचा काठ हाताशी होता, तोच धरला. ओळ टोकाला आली, पाठीवर ते मऊ पडणं आलं, मूठ सुटली, चवडा वर गेला आणि माझ्या तोंडातून ओळ निघाली. मी काढली नाही. ती आपली आपण पडली. आडवं कुणी गेलं नाही. दुसरी ओळ, चवडा वर. तिसरी. माझा आवाज गोड नव्हता, आजही नाही, पण तो त्या दिवशी ज्या जागी पडायला हवा त्याच जागी पडत होता, आणि आईच्या आवाजातला ताण माझ्या पाठीवर उतरताना मला जाणवत होता. दोन माणसांचं ओझं ती एकटी उचलायला निघाली होती, ते आता अर्धं झालं होतं. नवरीच्या गालाला हळद लागत होती आणि ती सगळा वेळ माझ्या डाव्या पायाकडे बघत होती. हळद संपल्यावर कमळाबाईनं विडा एका बाजूला घेऊन आईला विचारलं, की पोरगी झेलते बरी, पण तिच्या पायाचं काय. आईनं हार सारखा केला. "आमच्या घरची रीत हाय," ती म्हणाली. कमळाबाईच्या धाकट्या पोरीनं त्यावर हळूच आपला चवडा उचलून बघितला, ते मी पाहिलं. ती पुढे मोठी नावाजलेली धवलारीण झाली, आणि तिच्याकडच्या बायका अजून पाय उचलतात, असं मला त्या भागातली माणसं सांगतात.

संध्याकाळी बँडवाल्यांनीच पुन्हा ढकलून दिलं आणि आम्ही उजेड असतानाच घरी पोचलो. बाबा खाटेवर प्लास्टर पुढे करून आमची वाट बघत होते. त्यांनी लांबूनच गाडीचा आवाज ऐकला होता आणि क्लच नाही हे त्यांना त्यावरूनच कळलं होतं. लग्न कसं झालं, जेवायला काय होतं, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांनी आईला विचारलं, "किती येला कुरकुरला?"

आई परडीतून उरलेल्या अक्षता काढत होती. "फाटकात यकदा," ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, "मांडवात यकदाबी नाय."

बाबांना गाडी मांडवात कशाला गेली ते कळेना. मी डोळे पुसायला म्हणून तोंड धुवायला गेले आणि बराच वेळ धूत राहिले. बाबांनी तोवर आतून हुकूम सोडला होता, की उद्या दुसरं लग्न आहे, अशानं गाडीचे दात जातील, पडवीतली वायर आत्ताच्या आत्ता सोडून आण. मी ओल्या तोंडानं पडवीत गेले. सुतळीची गाठ सोडायला हात लावला तर मागून आई आली आणि तिनं माझा हात बाजूला केला. तिनं एक बोंबील दोन बोटांत धरून दाबून बघितला. तो इतका वाळला होता की त्याचा कटकन आवाज झाला.

"राहू दे," ती आतल्या बाबांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "वले हायत अजून."

त्या लग्नसराईत आम्ही पनवेलपासून उरणपर्यंत कितीतरी मांडव केले, दर ठिकाणी कुणीतरी आम्हाला मागून ढकललं, आणि पाऊस लागेपर्यंत आमचे बोंबील काही वाळले नाहीत.